उताराच्या वळणावरचे दिवे

“आज गप्प बसलीस तर अकॉर्डियन वाजणार, बोरघिल्ड,” स्टायनार म्हणाला. “आणि राग्ना ते थांबवणार नाही. मी तिला सांगून ठेवलंय.”

राग्ना म्हणजे मी. मी तिथेच, आवाज सांभाळायच्या मिक्सरसमोर बसले होते. बोरघिल्ड काचेपलीकडे हेडफोनच्या वायरचा गुंता सोडवत होती.

स्टायनार आमच्या रेडिओ केंद्राचा अध्यक्ष. स्कारवोय बेटाचं हे केंद्र जुन्या दूध संघाच्या तळघरात आहे आणि ते बिंगोवर, म्हणजे आकडे खोडायच्या खेळाच्या पैशांवर चालतं. बुधवारी संध्याकाळी घरोघरी लोक पेट्रोल पंपावरून विकत आणलेली बिंगोची पानं पुढ्यात ठेवतात, पेन्सिलींना टोक काढतात आणि रेडिओ लावतात. बिंगोच्या आधी अर्धा तास बोरघिल्डचा मुलाखतीचा कार्यक्रम असे. बिंगोची सुरुवात चुकू नये म्हणूनच लोक तो ऐकतात, असं स्टायनारचं मत होतं. त्यात तथ्य असेलही.

अकॉर्डियनची गोष्ट अशी की, प्रक्षेपण काही सेकंद निःशब्द राहिलं तर यंत्राला वाटतं स्टुडिओत बिघाड झाला, आणि ते आपणहून नाचाच्या गाण्यांची फीत सुरू करतं. बोरघिल्डच्या कार्यक्रमात हे पहिल्याच महिन्यात घडलं. एक म्हातारा कोळी बुडालेल्या भावाबद्दल बोलता बोलता थांबला, म्हणून तीही थांबली, आणि बेटभर अकॉर्डियन दणाणलं. लोक अजून त्यावर हसतात. तेव्हापासून ती थांबली की मी त्या यंत्राला रोखणारं बटण दाबून धरत असे. बोट उचललं की यंत्र पुन्हा जागं होतं.

त्याआधी बोरघिल्डने आयुष्यभर आरोग्य केंद्रात लोकांचे कान तपासले होते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, बारीकसा आवाज सोडायचा आणि ऐकू आल्यावर तो बटण दाबेल म्हणून वाट पाहायची. आपण त्याच्या तोंडाकडे आशेने पाहिलं तर तो काही ऐकू आलेलं नसतानाही बटण दाबतो, असं तिने मला एकदा सांगितलं होतं. मुलाखतीतही प्रश्न विचारून झाला की ती समोरच्याच्या हातांकडे पाहत बसायची. लोकांना ते आवडत नसे. “हिला बोलता येत नाही तर रेडिओवर कशाला येते,” असं पंपावर माझ्या देखत म्हणत.

त्या बुधवारी आस्लाक येणार होता.

आस्लाक आमच्या फेरीबोटीचा कप्तान होता. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत इंगवाल्डच्या मुलीला, सिनोव्हेला, दम्याचा जोराचा झटका आला. ती एकोणीस वर्षांची होती. इस्पितळ खाडीपलीकडे, आणि बेटाची एकुलती एक रुग्णवाहिकाही तेव्हा पलीकडेच अडकलेली. इंगवाल्डने मुलीला गाडीत घातलं आणि तो धक्क्याकडे निघाला. दुपार होती, पण जानेवारीतल्या दुपारी आमच्याकडे अंधारच असतो. उताराच्या शेवटच्या वळणावर त्याने गाडीचे दिवे तीनदा उघडझाप केले. इथे सगळे तेच करतात. वळणावर दिवे लुकलुकले की फेरी थांबते. त्यासाठी कोणी फोन करत नाही. त्या दिवशी फेरी थांबली नाही. पुढची फेरी येईपर्यंत सिनोव्हे धक्क्यावरच गेली.

बर्फ पडत होतं, दिवे दिसले नाहीत, असं आस्लाकने चौकशीत सांगितलं. समितीने ते मान्य केलं, आणि वडिलांनी फोन करायला हवा होता, एवढा शेरा मारून प्रकरण बंद केलं. बेटाने मात्र काहीच मान्य केलं नाही. आस्लाकच्या पायरीवर सकाळी माशांची आतडी पडलेली असत. दुकानात त्याच्यामागे रांगेत कोणी उभं राहत नसे. कंपनीने त्याला दुसऱ्या मार्गावर पाठवलं, बायको माहेरी निघून गेली. तो तेवढा राहिला, त्याच घरात. आणि एक दिवस त्याने स्वतःहून बोरघिल्डला कळवलं की येईन, तुझ्याकडेच येईन, दुसऱ्या कुणाकडे नाही.

बातमी फुटली तसे लोक चवताळले. काहींनी बिंगोची पानं पंपावर परत केली. पंपावरची बाई मला म्हणाली, “तिला सांग, आतडी आमच्याकडे शिल्लक आहेत. तिच्या पायरीलाही पुरतील.” स्टायनारला दिवसभर फोन येत होते. त्याचं म्हणणं एकच होतं: बोलावलंच आहे तर सोलून काढ त्याला, नाहीतर हा तुझा शेवटचा कार्यक्रम.

आणि बिंगोचे आकडे इंगवाल्ड वाचायचा.

त्या दिवशी तो लवकर आला. आकडे लिहिलेल्या चेंडूंचं पिंप दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो दारात उभा राहिला. त्याने बोरघिल्डला विचारलं, “काय करणारेस? कुरवाळणारेस त्याला?”

“विचारणार आहे.”

“आणि मग बघत बसणार. मला माहितीये तुझं. मी शेजारच्या खोलीतून ऐकतो ना दर आठवड्याला. बाई गप्प, पाहुणा गप्प. गप्प बसून काही मिळत नाही, बोरघिल्ड.”

“तुला काय मिळायला हवंय?”

पिंप खाली ठेवायला त्याला जागा सापडेना. शेवटी त्याने ते माझ्या टेबलावर, माझ्या कॉफीला धक्का देत ठेवलं. “मी दिवे दाखवले होते,” तो म्हणाला. “एवढं त्यानं म्हणायचं, की दिसले होते. तीन वर्षं सगळे मला सांगतायत, बर्फ होतं, बर्फ होतं. मी गाडीत बसून तो खटका दाबून बघतो. माझ्या बोटाला आठवतं, पण मलाच आता खात्री वाटेनाशी झालीये.” मग आवाज चढवून म्हणाला, “तुझ्याच्यानं ते होणार नाही. ओरडल्याशिवाय तो बोलणार नाही.”

बोरघिल्ड म्हणाली, “चौकशीत ओरडले होते.”

सहाला आस्लाक आला. त्याने कोट काढला नाही, टोपी मात्र काढून मांडीवर घेतली. शेजारच्या, बिंगोच्या सामानाच्या खोलीच्या काचेतून इंगवाल्ड उभा दिसत होता. आस्लाकने ते पाहिलं आणि खुर्ची थोडी वळवून घेतली. काचेकडे पाठ होईल असं मला वाटलं होतं, पण त्याने ती काचेकडे तोंड होईल अशी वळवली.

सुरुवातीची उत्तरं त्याने फेकल्यासारखी दिली. बोरघिल्डने विचारलं, फेरीवर कधी लागलास. तो म्हणाला, सगळ्यांना माहितीये. तिने विचारलं, आता दिवस कसे जातात. तो म्हणाला, पायरी धुण्यात. “तुम्हाला हेच ऐकायचं होतं ना? बसा ऐकत. तुमच्यातलेच कोण येतात पहाटे, तेही मला माहितीये. बुटांवरून ओळखतो.” आमचा फोन वाजत नाही, त्याचा लाल दिवा लुकलुकतो. तो एव्हाना थांबायचं नावच घेत नव्हता.

स्टायनार माझ्या खोलीत येऊन उभा राहिला होता. त्याने माझ्यावरून वाकून बोरघिल्डच्या हेडफोनमध्ये बोलण्याचा खटका दाबला. “सरळ विचार. दिवे दिसले का, हो की नाही. घाम काढ त्याचा.”

बोरघिल्डने हेडफोन एका कानावरून जरा सरकवला. मग ती म्हणाली, “आस्लाक, त्या दुपारी पुलावरून काय दिसत होतं?”

पूल म्हणजे बोटीवरची कप्तानाची खोली. आस्लाक म्हणाला, “बर्फ.”

हे उत्तर सगळ्या बेटाला पाठ होतं. ते पाठ केलेलंच होतं, हे त्याच्या आवाजावरूनही कळत होतं. बोरघिल्डने दुसरा प्रश्न विचारला नाही. ती त्याच्या हातांकडे पाहू लागली. त्याची बोटं टोपीच्या कडेवरून फिरत होती. एक चक्कर पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून.

मी बटणावर बोट ठेवलं.

“राग्ना,” स्टायनार हळू आवाजात म्हणाला, “काढ.”

मी नाही म्हणाले. त्याने माझं मनगट धरलं. जोराने नाही, पण धरलं. मी दिवसा नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना स्थिर होईपर्यंत हात न हलवण्याची मला सवय आहे. मिक्सरवरचे आवाज दाखवणारे काटे तळाशी पडून होते. शेजारच्या खोलीच्या काचेआड इंगवाल्ड ओठ हलवत होता. शिव्या देत असावा. बोरघिल्ड तशीच बसून होती, कान किंचित पुढे करून. जणू बंद खोलीत तिने बारीकसा आवाज सोडला आहे, आणि बटण दाबायचं की नाही ते समोरच्याने ठरवायचं आहे.

टोपी थांबली.

“बर्फ थांबलं होतं,” आस्लाक म्हणाला. “आम्ही दोर सोडायच्या आधीच थांबलं होतं.”

काटे हलले. मी बोट तसंच ठेवलं.

“दिवे दिसले. तीनदा. गाडीपण ओळखली मी, त्याचा डावीकडचा दिवा पिवळा होता. इंगवाल्ड रोजच लुकलुकवायचा. कॉफी प्यायला उशीर झाला, लुकलुकव. बायको दुकानात रेंगाळली, लुकलुकव. मी थांबायचो, आणि कंपनी मला झापायची. त्या आठवड्यात तर नोकरीवर आलं होतं.” तो काचेकडे पाहत होता. “मला वाटलं, आज याला धक्क्यावर बसू दे. जरा कळेल. असं वाटलं मला. मग मी दोर सोडायला सांगितलं.”

बोरघिल्डने विचारलं, “आणखी काही?”

“नाही.”

स्टायनारने माझं मनगट सोडलं आणि पुन्हा तिच्या कानात बोलला. “आता फाड त्याला. अख्खं बेट ऐकतंय. खोटारडा म्हण.”

बोरघिल्डने घड्याळाकडे पाहिलं. माइककडे वाकून, नेहमीच्याच आवाजात, ती म्हणाली, “वेळ झाली. यानंतर बिंगो.”

त्याबद्दल तिला कोणी माफ केलं नाही. पुढच्या आठवड्यात मंडळाने कार्यक्रम बंद केला. माणूस तिच्या हातात सापडला होता आणि तिने त्याला सुखरूप जाऊ दिलं, असं लोक आजही म्हणतात. तो आपणहून बोलला, तिने काय केलं त्यात, असंही म्हणतात. तिच्या पायरीवर आतडी पडली ती दोनदा. तिने बादलीभर पाणी ओतलं आणि त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. कार्यक्रमाच्या वेळी आता अकॉर्डियन लागतं.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी इंगवाल्ड पिंप घेऊन आत आला, कारण वेळ झाली होती. स्टुडिओचं दार अरुंद आहे. आस्लाक बाहेर पडत होता आणि दोघं चौकटीत समोरासमोर आले, मध्ये ते चेंडूंचं पिंप. स्टायनार धावत जाण्याच्या तयारीत होता. इंगवाल्डचे हात पिंप धरण्यात गुंतलेले होते. नसते तर काय झालं असतं मी सांगू शकत नाही.

“दिसले होते,” तो म्हणाला.

“हो.”

“तीनही वेळा.”

“हो.”

“चालता हो,” इंगवाल्ड म्हणाला, आणि त्याला जाता यावं म्हणून स्वतःच बाजूला झाला.

तो माइकसमोर बसला. बोरघिल्डची खुर्ची आधीच सरकलेली होती, पण ती निघून गेली नव्हती. भिंतीशी, हेडफोन कानांवर तसाच ठेवून बसली होती. इंगवाल्डने पिंप फिरवलं. चेंडू खडखडले, थांबले. त्याने पहिला चेंडू काढला, डोळ्यांजवळ नेला.

त्याने आकडा वाचला नाही. चेंडू हातात तसाच धरून तो बसून राहिला. घरोघरी लोक पेन्सिली रोखून बसलेले असणार. काटे तळाशी गेले. स्टायनारने या वेळी माझं मनगट धरलं नाही. फोनचा लाल दिवा लागला नाही.

बोरघिल्ड इंगवाल्डच्या हातांकडे पाहत होती. मी बटण दाबून धरलं.