पडद्यामागचं नाव

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा विज्ञानसंस्थेच्या दालनात पाथरवट तिचंच नाव कोरत होता. त्या भिंतीवर पारितोषिक मिळालेल्या सगळ्या शास्त्रज्ञांची नावं त्याने आणि त्याच्या वडिलांनीच कोरली होती. नाव जाहीर व्हायच्या आधीच कोरून पडद्याआड ठेवायची तिथली रीत. "अहो, माझ्या नावाला हात थरथरला तर बघा हं," असं ती सकाळीच खाटेवरून म्हणाली होती.

आठवड्याने सचिव म्हणाले, "काका, पारितोषिक हयात माणसालाच देतात, पहिल्यापासूनचा नियम आहे. तेवढी अक्षरं बुजवून टाका."

"तुम्हीच बुजवा. माझा हात थरथरतो," तो म्हणाला.

अजून कुणी बुजवलेलं नाही. पडद्यामागे तिचं नाव अर्धंच आहे, उरलेलं कोरायचं राहिलंय.