जागा धरून बसणारी पट्टी

पट्टीताईला सकाळपासून चैन नव्हती. खुर्चीत टेकली की उठायची, उठली की पाय आवळून उभी राहायची, आणि मग "आलेच हं" म्हणत कॉरिडॉरच्या टोकाला धूम ठोकायची. लघवीला जळजळ. या वर्षातली चौथी खेप, आणि नेमका आजच समितीचा दिवस.

समितीने होकार दिला, तर तिने प्रयोगशाळेत बनवलेली पट्टी खऱ्याखुऱ्या बायकांना देऊन तपासता येणार होती. नकार दिला, तर इतक्या वर्षांची मेहनत फ्रीजमध्ये.

पट्टी म्हणजे नखाएवढा पातळ, पारदर्शक तुकडा. आत चांगले जीवाणू सुकवून झोपवलेले. योनीच्या ओल्या अस्तराला लागली की पट्टी फुगते, घट्ट चिकटते आणि जीवाणूंना हळूहळू बाहेर सोडते. मग ते तिथेच मुक्काम ठोकतात, आणि तिथून शेजारच्या मूत्रमार्गात शिरून त्रास देणाऱ्या जीवाणूंना पाय ठेवायला जागा उरत नाही. नुसतेच सोडले तर बिचारे वाहून जातात. सगळी करामत चिकटण्यात.

तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंचा फोन.

"पाणी पितेस ना गं?"

"पितेय हो वहिनी, म्हणून तर पळतेय!"

"एवढ्या ढीगभर पट्ट्या बनवतेस, एक स्वतःला लाव की."

"अहो, ती आग लागू नये म्हणून असते. लागल्यावर बंबच लागतो."

"मग जा की डॉक्टरकडे!"

"मीटिंग आहे."

"बस मग मीटिंगमध्ये धगधगत," असं म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

ती आत येऊन बसली तेव्हा माइकसाहेबांनी सुरुवात केली होती. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. एकदा माइक हातात आला की सोडत नाहीत, म्हणून त्यांच्या पाठीमागे हे नाव. काम पट्टीताईचं, भाषण साहेबांचं, अशी तिथली वाटणी होती. आणि साहेब भलते सोवळे. 'योनी' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. पडद्यावरच्या आकृतीत त्यांनी नेमका तेवढाच भाग धूसर करून घेतला होता. बाण होता, पण तो धुक्यात घुसत होता.

"तर संबंधित जागी ही पट्टी..." साहेब म्हणाले.

"संबंधित म्हणजे?" समितीतल्या वकिलांनी विचारलं. "नाक का?"

"नाकाच्या मानाने... जरा दक्षिणेला."

"घसा?"

पट्टीताई बोलायला उठली, पण पोटात कळ आली. तिने तोंड उघडलं ते "आलेच हं" म्हणायला.

ती दाराबाहेर पडली आणि अध्यक्षबाईंनी विचारलं, "पण ही अपायकारक नाही ना?"

"अपाय? छे!" साहेबांना चेव चढला. "दह्यात असतात ना, त्यांच्याच नात्यातले जीवाणू. हे बघा!" त्यांनी नमुन्यांच्या डबीतून एक पट्टी उचलली, जिभेवर ठेवली आणि चव घेतल्यासारखी टाळूला दाबली.

आता, तोंडातही ओलं अस्तरच असतं. तासभर बोलून साहेबांचं तोंड कोरडं पडलेलं, त्यामुळे पट्टीने होती नव्हती ती लाळ शोषली, फुगली, आणि जीभ-टाळू दोन्ही पकडून बसली.

पट्टीताई परतली तेव्हा साहेब लालबुंद होऊन हातवारे करत होते.

"ङ्ङँ! ङ्ङँ!"

"झटका आला का हो यांना?" वकील टेबलाखाली बूट शोधत म्हणाले. ते त्यांनी मघाशीच आरामात काढले होते.

पट्टीताईने डबी पाहिली, साहेबांचा जबडा पाहिला. बोट आत घालायला निघालेला त्यांचा हात तिने झटकन धरला. "ओढू नका सर! कातडं सोलून येईल. पाण्याचे घोट घ्या, सुटेल हळूहळू."

"किती वेळाने?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तिथे सहा-सात तास टिकते. तोंडात लाळ असते, लवकर विरघळेल."

"तिथे म्हणजे कुठे? मघापासून हेच विचारतोय आम्ही."

पट्टीताईने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळे वटारले. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

"योनीत," ती म्हणाली. खोली कोसळली नाही. मग ती सुटलीच: संसर्ग पुन्हा पुन्हा का उलटतो, गोळ्यांनी वाइटांबरोबर चांगलेही कसे मरतात, पट्टी काय टाळू शकते आणि अजून काय काय माहीत नाही. बोलताना ती या पायावरून त्या पायावर झुलत होती.

"बाई, तुम्ही सारख्या कुठे पळताय?" वकिलांनी विचारलं.

"लघवीला. तोच त्रास आहे मला. आत्तासुद्धा."

वकील कागदात तोंड खुपसून बसले. अध्यक्षबाई मात्र खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "माझ्या मुलीला वर्षानुवर्षं होता. सांगायची लाज, म्हणून किडनीपर्यंत गेलं." त्यांनी पेन उचललं. "छोट्या चाचणीला माझी मंजुरी. वकीलसाहेब?"

"मंजूर, मंजूर! पण कृपया कोणी काही चाखू नका."

पट्टीताई उभ्या जागी उडालीच. "मग पहिलं नाव माझं लिहा!"

"अजिबात नाही," अध्यक्षबाईंनी बजावलं. "चाचणी करणाऱ्याने चाचणीत बसायचं नसतं. शिवाय आत्ता तुम्हाला औषध लागणार. आधी डॉक्टर गाठा."

"पण प्रश्नोत्तरं राहिलीत..."

"साहेब आहेत ना," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ते मान हलवतील."

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि निमूटपणे मान हलवली. पट्टीताई तेव्हा अर्धा कॉरिडॉर ओलांडून गेली होती.