मेलेल्या राजाचा सत्कार

"थांब, थांब!" नाटक बसवणाऱ्या साकेतने दोन्ही हात वर केले. "खुशी, कायले वरडून राह्यली? राजा मेला हाय, बहिरा नाई झाला."

आमच्या बैठकीत जमिनीवर आडवा पडलेला राजा म्हणजे पलंगावरचा लोड होता. राजाचं काम करणारा मुलगा घरचं सोयाबीन काढायला गेला होता.

"मंग करू काय मी?" माझी नात चिडली. "त्या लोडाकडे पाह्यलं की मले हसूच येते."

"परवा यवतमाळले स्पर्धा हाय. आज जमलं नाई तर राणीचं काम प्रियंका करन. मंग मले बोलायचं नाई."

खुशीचा चेहरा उतरला. कॉलेजात भांडून तिने ही भूमिका मिळवली होती. नाटक जुनं, शोकांत. सरदाराची बायको नवऱ्याला भरीला घालते, राजाचा खून करवते आणि प्रेत समोर असतानाच सिंहासनावर जाऊन बसते. या प्रवेशात तिला एकही वाक्य नाही. म्हणून खुशीने स्वतःचं एक घातलं होतं, "झाले मी राणी!" आणि ते ती गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत होती.

तेवढ्यात शेजारचे विठ्ठलराव पेपर न्यायला आले. वय शहाऐंशी. दारातच थबकले.

"पद्मजाबाई, हा कोन पडला हो?"

"राजा," खुशी म्हणाली.

"याले मरता नाई येत." त्यांनी काठी भिंतीला टेकवली, लोड बाजूला सारला आणि सावकाश, गुडघे सांभाळत, स्वतः आडवे झाले.

मला हसू आवरेना, आणि मी पोरांना सांगायला लागले. पन्नास वर्षांपूर्वी नेरला हेच नाटक आम्ही केलं होतं. विठ्ठलराव तेव्हा बसस्टँडवर कंट्रोलर होते; दिवसभर भोंग्यावरून गाड्या पुकारायचे आणि मंडळाच्या नाटकात दरवर्षी राजा व्हायचे. मी शाळेत शिक्षिका म्हणून नवीन लागले होते. राणीसाठी मीही भांडले होते. अमरावतीहून बहिणीची पैठणी मागून आणली होती, ती सिंहासनावर कशी दिसेल हे आरशासमोर चार वेळा पाहिलं होतं.

"मंग? कशी केली तू राणी?" खुशीने विचारलं.

"राजा मेला. मी थाटात जाऊन बसले. आणि भोंग्यावर पुकारा झाला, जमनाबाईंकडून राजाला नारळ!"

नाटक मध्येच थांबवून आवडत्या नटाचा सत्कार करायची आमच्याकडे पद्धत होती. फक्त तो नट मेलेला नसावा, एवढं भान कोणी ठेवलं नव्हतं. जमनाबाई तांड्यावरून आली होती. तिच्या अडलेल्या लेकीसाठी विठ्ठलरावांनी एकदा शेवटची बस पाऊण तास रोखून धरली होती. साहेबांनी झाप झाप झापलं होतं.

"राजा उठला. नारळ घेतला, बाईच्या पाया पडला, आणि परत जाऊन मेला."

साकेत पोट धरून खाली बसला.

"एकदाच नाही रे. अकरा वेळा! कोणी हार आणतं, कोणी टोपी. प्रत्येक वेळी हे उठायचे, हात जोडायचे आणि नव्याने मरायचे."

"आता लोकं उठवते तं उठा लागते," जमिनीवरून राजा म्हणाला.

"अन् तू?" खुशी डोळे पुसत होती, हसून हसून.

"मी बसून होते. पैठणी नेसून, मुकुट घालून. एकाही माणसाने माझ्याकडे पाहिलं नाही गं. एवढं करून मिळवलेलं सिंहासन, आणि सगळा गाव त्या मेलेल्या माणसाकडे. वाटलं, उठून जावं. पण राणी कुठे जाणार? जराशी सरकून बसले."

"बाईचा मुकुट घसरला होता," विठ्ठलराव म्हणाले. "म्या एका डोळ्यानं पाह्यलं."

खुशीचं हसू हळूहळू थांबलं.

"साकेत, एक डाव घेऊ."

"लोड आणू काय?"

"नाई. आबाच राहू दे."

ती आली. ओरडली नाही. धोतराबाहेर आलेले ते भेगाळलेले पाय तिने पाहिले आणि वळसा घालून खुर्चीपाशी गेली. बसली, पण टेकून नाही. परक्याच्या घरी बसतात तशी, कडेला, हात मांडीवर घट्ट धरून. मग तिने दाराकडे पाहिलं. आता कोणीतरी येईल, आणि तिच्यासाठी येणार नाही, हे तिला कळलं होतं.

स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. मी जागची हलले नाही. साकेतने 'थांब' म्हणायचं होतं, तोही विसरला.

मग तो म्हणाला, "प्रियंकाले फोन करायची काई गरज नाई."

विठ्ठलराव अजून नीट मेलेले होते. डोळे न उघडता म्हणाले, "पोट्टेहो, मराचं जमते मले अजून. उठाचं नाई जमत."

साकेत पुढे व्हायच्या आत खुशीने खुर्ची सोडली. त्यांच्या काखेत हात घालून तिने त्यांना उठवलं, धोतराची धूळ झटकली, आणि त्याच खुर्चीत नेऊन बसवलं.