सरांचा काटकोन

किसनराव आवारी सरांनी मारेगावला एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण आठवडी बाजारात त्यांना एकदाही धड भाव करता आला नाही. वांगी आणायला गेले तर शेजारणीपेक्षा दहा रुपये जास्त देऊन यायचे, वर पिशवीत दोन किडकी असायची ती वेगळीच. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई चारचौघांत हसायच्या. "आमच्या सरायले पायथागोरस येते, भेंडी येत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सरही हसायचे, पण ते आत कुठेतरी लागायचं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे सरांनी जे केलं ते पैशाच्या लोभानं केलं असं वाटायचं. लोभानं केलं असतं तर एक वेळ समजून तरी घेता आलं असतं.

निवृत्त झाल्यावर सरांना सुतारकामाचं वेड लागलं. गुरं कधीच विकली होती, तेव्हा घरामागच्या रिकाम्या कोठ्यात त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून आपला कारखाना मांडला. हातकरवतीनं एक स्टूल केलं. त्याचे चारपैकी तीनच पाय एका वेळी जमिनीला टेकायचे. हाताच्या भरवशावर हे काम होणार नाही, मशीनच पाहिजे, असं सरांनी ठरवलं. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, मुकुटबनजवळच्या खेड्यात डोमाजी मिस्त्रीची कटर मशीन विकायची आहे. मिस्त्रीला लकवा मारला, उजवा हात गेला, आता मशीन नुसती उभी आहे.

सर छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं घेऊनच गेले. डोमाजीची बायको इंदूबाई हिनं मशीन रॉकेलनं पुसून ठेवली होती. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटर. सगळं डोमाजीनं स्वतःच्या हातानं जोडलेलं. टेबलाच्या कोपऱ्याला दसऱ्याचं कुंकू अजून होतं.

"अठरा हजार म्हणते हे," इंदूबाई म्हणाली.

सरांनी घरून निघतानाच ठरवलं होतं की आज भाव पाडूनच घरी यायचं. मशीन पारखायची एक रीत त्यांनी व्हिडिओत पाहिली होती. फळी मधोमध चिरायची, एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवायचा. पातं टेबलाशी काटकोनात असेल तर दोघांमधून उजेड दिसत नाही. सरांनी मोटर लावली, फळी चिरली, तुकडे भिडवले आणि वर धरले. मधून उजेडाची रेघ दिसली.

सरांना नवल वाटलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं, तर टेबलावर नखाएवढी ढलपी चिकटलेली होती. फळी तिच्यावर चढली आणि तिरपी चिरली गेली, एवढंच झालं होतं. मशीनचा काही दोष नव्हता. ढलपी झटकायची आणि दुसरी फळी चिरायची, की झालं. सरांनी ढलपी झटकली. ती जमिनीवर पडली, आणि सरांनी तिच्यावर पाय ठेवला.

"बाई, हे पाहा. उजेड दिसते?"

"दिसते."

"म्हणजे काटकोन नाई. मशीन वाकडी हाये. मी एकतीस वर्षं गणितच शिकवलं, मले हे डोळ्यानं समजते."

इंदूबाईचा चेहरा उतरला. "असं कसं होईन सर? देवळाचे दरवाजे यायनं याच्यावरच केले. हात जाच्या आठ दिवस आधी."

"मग तेही तसेच असतील," सर बोलून गेले. जिभेला हाड नसतं ते असं.

इंदूबाई तुकडे हातात धरून उभीच राहिली. तेव्हा आतल्या खोलीतून जड, अडखळता आवाज आला. आत माणूस आहे आणि तो सगळं ऐकतोय, हे सरांना तोवर माहीतच नव्हतं.

"इंदू, देऊन टाक. ते म्हणते त्या भावात दे. सर हायेत, गणिताचे. खोटं कायले बोलतीन?"

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बोलायची वेळ हीच होती. पण पाय ढलपीवर, तोंड बंद. अकरा हजारांत मशीन गाडीत चढली.

मशीन घरी येताच सत्यभामाबाईंनी दारोदार जाऊन सांगितलं, "आमच्या सरायनं सात हजार कमी करून आणली!" आयुष्यात पहिल्यांदा सरांचं असं कौतुक होत होतं आणि ते ऐकवत नव्हतं. सर कोठ्यात जाऊन फळ्या चिरायचे, उलटून भिडवायचे. कुठूनही उजेड येत नव्हता. मशीन इतकी सरळ होती की सरांना तिचा राग यायला लागला.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास दारात ऑटो थांबली. मुकुटबनकडून दीड तासाची वाट. काठी टेकत डोमाजी उतरला, मागून पिशवी घेतलेली इंदूबाई.

"मशीन वापस न्याले नाई आलो, सर," डोमाजी धापा टाकत म्हणाला. "तिचा वाकडेपणा काढून द्याले आलो. मी वाकडी वस्तू कोणाच्याच घरात ठेवली नाई."

"अहो, एवढ्यासाठी कायले आले? चालते ते," सर म्हणाले.

"तुमचं चालन सर, पण देवळाचे दरवाजे हायेत न. अजून बसवाचे हायेत, भिंतीले टेकून उभे हायेत. मी पंचायले सांगून देल्लं, बसवू नका म्हनून. माह्या गुण्यानं पाह्यलं तर बरोबर दिसते. पण तुमी वाकडी म्हणता, म्हणजे माहा गुण्याच खोटा असन. तुमचा दाखवा बरं."

काटकोन तपासायच्या ज्या गुण्यावर चाळीस वर्षं काम केलं, तो सरांच्या एका शब्दावर त्या माणसानं खोटा धरला होता. सरांनी आपला नवा गुण्या आणून दिला. डोमाजीनं पिशवीतला आपला काढला आणि दोन्ही एकमेकांना लावले. तसूभरही फरक नव्हता.

"आता फळी चिरा, सर. मले एका हातानं जमत नाई."

सरांनी फळी उचलली. ती टेबलावर ठेवणार, तोच डोमाजीनं डावा तळवा आडवा धरून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढलं. मुद्दाम नाही, जेवायला बसताना पाटाखालची जागा पुसावी तसं, सवयीनं. फळी चिरली, तुकडे भिडले. उजेड नाही.

डोमाजीनं इंदूबाईच्या पिशवीतून त्या दिवशीचे दोन तुकडे मागून घेतले. कापावरून अंगठा फिरवला. मग तुकडा पालथा केला. खालच्या अंगाला ढलपीचा खड्डा उमटला होता, नखाएवढा. त्यानं सरांकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं. सर जमिनीकडे पाहत उभे राहिले. वर्गात कॉपी सापडलेली पोरं अशीच उभी राहायची.

डोमाजी कसाबसा खाली बसला, पान्यानं टेबलाखालचा एक नट ढिला केला आणि पुन्हा आवळला.

"हां. ढिला होता. बसली आता मशीन," तो म्हणाला. आणि उठताना, फक्त सरांना ऐकू जाईल असं, "फळी ठेवाच्या आधी टेबलावर हात फिरवत जा सर."

सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या होत्या. "पाहा बाई," त्या म्हणाल्या, "दोष यायच्याच मशीनचा, पण सुधरून द्याले एवढ्या दूर आले. असे मानसं राह्यले नाई आता."

इंदूबाईनं कप घेतला नाही. ती नवऱ्याकडे वळली. "म्हणजे मशीन ढिलीच होती. मंग दरवाजे वाकडेच न?"

डोमाजी थांबला. "पाहू," म्हणाला.

सरांना सगळं सावरून मिळालं होतं. बायकोपुढे इज्जत शाबूत, मशीन सरळ, समोरचा माणूस गप्प राहणार. फक्त एका गावात दोन दरवाजे भिंतीला टेकून उभे राहणार होते, आणि ज्यानं ते केले तो स्वतःच्या बायकोच्या नजरेत वाकडा ठरणार होता. आणि तो हे सरांसाठी करत होता. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन ढिली नव्हती," सर म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "मशीन कधीच वाकडी नव्हती. फळीखाली ढलपी होती. मले दिसली होती. मी तिच्यावर पाय ठेवला. भाव पाडाले खोटं बोललो."

सत्यभामाबाईंच्या हातातली बशी कलली. मग इंदूबाई बोलली.

"पाच दिवस यायनं धड घास नाई खाल्ला. म्हणे हात गेला ते ठीक, पण काम बी वाकडं होतं का माहं आयुष्यभर?"

"जाऊ दे इंदू. सांगतलं न त्यायनं," डोमाजी म्हणाला.

"इथं सांगून काय होते? इथं कोण हाये? वाकडं तर गावात झालं."

सरांनी वर पाहिलं. सत्यभामाबाई आत गेल्या, त्यांनी सरांच्या चपला आणून पायाशी ठेवल्या. भेंडीचं वाक्य नाही, काही नाही. नवा गुण्या तेवढा सरांच्या हातात दिला.

ऑटोत डोमाजी सरकून बसला. "इकडून बसा सर, तिकडून ऊन लागते."

सर बसले. मारेगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं सुरू झाली. डोमाजी हळूच म्हणाला, "सर, पंचायले काही ढलपीबिलपीचं सांगू नका. नुसतं म्हणा, दरवाजे सरळ हायेत. तुमचं ऐकतीन ते. सर हाये न तुमी."

इंदूबाई पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती. मागे न वळता ती म्हणाली, "जे झालं तेच सांगतीन ते."

"हो," सर म्हणाले. "तेच सांगतो."