वॉर्निशचा भाव

सासूने वॉर्निशचा थेंब तळहातावर घेतला आणि मेंडोलिनच्या पाठीवर चोळायला सुरुवात केली. ब्रशला ती हात लावत नसे. ब्रशचे केस गळतात, रेघा उठतात. हाताचं तसं नाही, हाताला लाकूड कळतं, असं तिचं म्हणणं. घरातले चिडवायचे, की ही वॉर्निश लावत नाही, तान्ह्या बाळाला तेल लावते.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. मास्क गळ्यात लोंबत होता आणि भुवयांवर स्प्रेची पांढरी धूळ होती.

"आई, दुकानदार आलाय. मास्तरांनाही घेऊन आलाय."

"परीक्षा घ्यायला?"

"परीक्षा कसली? नुसतं ऐकायचं."

"तेच ते. चहा टाकायला सांग. परीक्षकांना उपाशी ठेवलं की मार्क कापतात."

मेंडोलिन मुलगाच बनवायचा. लाकूड तेच, साचा तोच, तारा त्याच. कोरं मेंडोलिन तयार झालं की तिथून पुढे दोन वाटा फुटत. बहुतेक मागच्या शेडमध्ये जात. तिथे मुलगा लॅकरचा स्प्रे मारी आणि आठवडा संपायच्या आत काम उरके. काही थोडी सासूच्या खोलीत येत. तिथे एक हात लावायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचा, असं महिनोन्महिने चाले. या मेंडोलिनचा भाव जवळजवळ दुप्पट असे. वर्षानुवर्षं लोक तो देत आले होते. अलीकडे मात्र दुकानदाराची कुरकुर सुरू झाली होती. माणसं भिंतीवरून वॉर्निशचं मेंडोलिन काढतात, फिरवून बघतात, भाव ऐकतात आणि गुपचूप पुन्हा टांगतात. एक तर भाव उतरवा, नाहीतर हे काम बंद करा, असा त्याचा निरोप होता.

यात सुनेचंही काही अडकलं होतं. तिला वॉर्निश शिकायचं होतं. दोन-तीनदा तिने विचारलंही होतं. नवऱ्याचं म्हणणं, शेडमध्ये कामाचा ढीग पडलाय, हात हवेत ते तिकडे. सासूने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वॉर्निश टिकणार असेल तर शिकवीन, ती म्हणाली होती. टिकणार नसेल तर पोरीची उमेदीची वर्षं कशाला वाया घालवू? तेव्हा आज काय ते ठरणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

बाहेरच्या खोलीत खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या होत्या. चहा देऊन झाल्यावर सूनही टोकाच्या खुर्चीवर बसली. मास्तर सगळ्यांच्या पाठीमागे बसले. शहरातली निम्मी मुलं त्यांच्याकडे मेंडोलिन शिकलेली. त्यांनी दोन्ही पेट्या पायाशी ठेवल्या होत्या.

"जे वॉर्निशचं वाटेल, त्या वेळी हात वर करायचा," दुकानदार म्हणाला. "मागे वळून बघायचं नाही."

"तुझ्या बापापासून तुमच्या घराशी व्यवहार आहे," सासू म्हणाली. "मी कशाला बघू? तूच बघशील."

मास्तरांनी पेटी उघडली. एक साधी, संथ चाल त्यांनी वाजवली, थांबले, मेंडोलिन बदललं आणि तीच चाल पुन्हा वाजवली. पहिल्या वेळी दुकानदाराचा हात अर्धवट वर गेला आणि कान खाजवून खाली आला. मुलगा गुडघ्यांकडे बघत बसला होता. दुसरं मेंडोलिन वाजू लागलं, तसा सासूचा हात सरळ वर गेला, कविता पाठ असलेल्या मुलीचा वर्गात जातो तसा.

सगळे वळले. मास्तरांच्या मांडीवर स्प्रेचं मेंडोलिन होतं.

दुकानदार पंख्याकडे बघू लागला.

"आई, तशी फार जवळजवळची आहेत दोन्ही," मुलगा म्हणाला.

"उगीच मलम लावू नकोस. चुकले मी." तिने स्प्रेचं मेंडोलिन मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "चांगलं झालंय. आधी तुझी मेंडोलिनं सर्दी झाल्यासारखी बोलायची."

"मग मावशी, गिऱ्हाइकाला मी सांगू काय?" दुकानदाराने विचारलं.

"खरं सांग. डोळे मिटून ऐकलं तर फरक नाही म्हणावं."

"मग दुप्पट पैसे कशाचे, असं विचारेल तो."

"विचारू दे. मला सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लाकूड सगळ्यात मोकळं बोलतं ते कोरं असताना. त्यावर जे लावशील ते आवाजातलं काहीतरी खातंच. स्प्रे खातो, वॉर्निशही खातं. जपून लावलं तर कमी खातं, एवढंच. वॉर्निशने आवाज खुलतो, ही पाटी तुझ्या दुकानात कुणी लावली? मी?"

दुकानदाराने जीभ चावली.

मास्तरांनी वॉर्निशचं मेंडोलिन पुन्हा हातात घेतलं. "कानाचं जाऊ द्या," ते म्हणाले. "हाताला मात्र फरक कळतो. स्प्रेच्या दांडीवर, डावा हात फिरतो तिथे, घाम आला की तळवा चिकटतो. वॉर्निशच्या दांडीवर सरकतो."

मुलगा एकदम सरसावून बसला. "मग असं करू. दांडीला तेवढं वॉर्निश लावू आणि बाकी सगळं स्प्रेचं. भाव थोडासाच चढेल."

"हे हातोहात जाईल," दुकानदार म्हणाला.

सासूने तळवा गुडघ्यावर घासला. मनाला लागलं म्हणून अबोला धरायचा, अशा स्वभावाची ती नव्हती. पटलं की पटलं म्हणायची.

"डोकं चांगलं चालतं तुझं. माझ्यावर गेलायस."

सगळे हसले आणि खोली सैल झाली. ठरलं ते असं, की अख्खं वॉर्निशचं मेंडोलिन कुणी मागितलं तरच करायचं. आजची दोन्ही दुकानदार घेऊन जाईल. दांड्यांचं काम थोडं, ते सासू एकटी सहज निभावेल.

"म्हणजे शिकवायचं काही उरलंच नाही," मुलगा बायकोला म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, घोर मिटला एवढंच. "उद्यापासून तू माझ्याकडे शेडमध्ये."

सून कप गोळा करत होती. कपात कप घालताना तिच्या हातून जरा जास्तच आवाज झाला. मग ती ट्रे घेऊन आत गेली.

पुरुषमाणसं पेट्या उचलून फाटकाकडे निघाली. सासू आपल्या खोलीत परतली. अर्धं राहिलेलं काम तिने पुढे ओढलं, पण हात चालेना. तिने सुनेला हाक मारली.

"तू हातच वर केला नाहीस. ना पहिल्याला, ना दुसऱ्याला. झोपली होतीस?"

"नाही."

"मग?"

सुनेने पदराला हात पुसले. "मला कळलं होतं. पहिलं तुमचं होतं."

"ऐकून?"

"छे, ऐकून कुठलं. मास्तरांनी पेटी उघडली तेव्हाच वास आला. वासावरून ओळखायचं म्हणजे कॉपीच की. म्हणून गप्प बसले. मग तुम्ही दुसऱ्याला हात वर केलात. चारचौघांत तुमच्या विरुद्ध कुठे बोलू?"

सासूने बाटली घेतली, बूच काढलं आणि नाकाशी धरली. खिडकीबाहेर बघत तिने लांब श्वास घेतला. बाटली दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा एकदा घेतला. मग ती सुनेपुढे केली.

"कसला वास येतो, सांग."

"राळेचा. जवसाच्या तेलाचा." सून थांबली. "आणि खाली जरासा करपल्याचा."

"करपल्याचा?"

"अगदी जरासा. या खेपेच्या बाटलीलाच येतोय. आधीच्या बाटल्यांना नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही काही वेगळं करून बघताय. कसा वास यायला हवा, ते मला कुठे माहीत आहे?"

आजच्या पेटीतल्या मेंडोलिनलाही याच बाटलीतलं वॉर्निश लागलं होतं. तेल आणि राळ शिजत असताना पातेलं कधी उतरवायचं, ते घड्याळ सांगत नाही. रंगही फसवतो. ते नाक सांगतं. जरा जास्त शिजलं तरी वॉर्निश आज आरशासारखं दिसतं आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जायला लागतात. मास्तरांच्या तळव्याला ते आज कळणार नव्हतं, दुकानदाराला तर नाहीच नाही.

"परवा दूध करपलं," ती हळूच म्हणाली. "तेव्हा मी कुठे होते?"

"ओट्यापाशी," सून म्हणाली. "भाजी चिरत होतात."

सासूने बूच घट्ट बसवलं. मग उठली, हात पुसले आणि घर ओलांडून थेट फाटकाशी गेली. दोन्ही पेट्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून झाल्या होत्या. दुकानदार दार लावतच होता.

"वॉर्निशचं काढ. ते देत नाही मी."

"का हो, मावशी?"

"खरवडून पुन्हा लावायचंय."

मुलाने कपाळाला हात लावला. "अगं आई, आत्ताच तर तू म्हणालीस, काही फरक नाही म्हणून."

"ऐकायला नाही," सासू म्हणाली. तिने स्वतःच आत वाकून पेटी बाहेर ओढली आणि काखेत धरली.

दुकानदाराने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. "मग कधी मिळेल?"

"होईल तेव्हा. आणि भाव आहे तोच ठेव. एक पैसा खाली उतरवू नकोस."

गाडी गेली. मुलगा मागोमाग येत काहीतरी विचारत होता. तिने हातानेच त्याला शेडची वाट दाखवली. वॉर्निशच्या खोलीच्या दारात सून उभी होती. सासूने पेटी टेबलावर ठेवली, शेजारची बाटली उचलून तिच्या हातात दिली.

"ही ओतून टाक. मोठं पातेलं घे आणि तेल चढव."

"मी?"

"ढवळायचं कसं, ते मी सांगते," सासू म्हणाली. "उतरवायचं कधी, ते तू सांग."