काचा नेण्याजोगी गाडी

काचवाल्याला दुकानात फिट आली तेव्हा त्याच्या हातात काच नव्हती, एवढं नशीब. तो फोनवर एका गिऱ्हाइकाला आरशाची जाडी सांगत होता. "सहा एमएम" म्हणाला आणि पुढचं वाक्य न बोलता टेबलाच्या कडेने खाली घसरला. आतल्या खोलीत काच कापत असलेली त्याची धाकटी बहीण आवाजाने बाहेर आली. तिने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा स्वेटर सारला आणि मग लोंबकळणारा फोन उचलून, मापाचं नंतर बोलू, असं सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, सहा चालेल.

बहीण एकेचाळीस वर्षांची होती, पण उंचीमुळे तिला घरात आणि बाजारात सगळे बारकीच म्हणत. दुकान वडलांचं. ते गेल्यावर दोघांनी चालवलं. मापं घेणं आणि कापणं बारकीकडे, गाडी आणि काचा बसवणं दादाकडे. ही वाटणी बसून कोणी केली नव्हती, पडत गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की वर्षभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मध्ये पुन्हा फिट आली तर वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. दादाने विचारलं, नुसतं गल्लीतल्या गल्लीत? त्या म्हणाल्या, गल्लीत माणसं राहत नाहीत का.

नेमकी त्याच महिन्यात जुनी पिकअप बदलायची होती. हौद्याचा पत्रा इतका गंजला होता की त्यात उभं राहिलं तर पायाखाली रस्ता दिसायचा. ती भंगारात गेली. पण काचेच्या धंद्यात गाडी नसणं म्हणजे दुकानाला कुलूप, आणि भाड्याचे टेम्पोवाले काच म्हटली की फोन ठेवतात. तेव्हा एखादी वापरलेली पिकअप बघायचं ठरलं. वहिनीचं म्हणणं पडलं की जी चालवणार तिनेच निवडावी. दादाने मान डोलावली आणि यादी स्वतः केली. वर एक अट घातली. फिटचं कुठे बोलायचं नाही. विकणाऱ्यापाशी नाही, गिऱ्हाइकापाशी तर नाहीच. कोणी विचारलंच, तर खांदा दुखतो म्हणायचं.

बारकीकडे लायसन्स होतं. छोटी गाडी ती वीस वर्षं चालवत होती. हौद्यात उभ्या काचा घेऊन पिकअप मात्र तिने कधी चालवली नव्हती. निघताना तिने एक जुनी खिडकीची काच घोंगडीत गुंडाळून वहिनीच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली. दादाने विचारलं, ही कशाला? ती म्हणाली, गाडी कशी आहे ते आपल्यापेक्षा हिला जास्त कळेल.

पहिली पिकअप एका बेकरीवाल्याची होती. उंच, मागे बंद पेटी बसवलेली, आत पावाचा वास. दादाने बॉनेट उघडून बघितलं, चाकांना लाथा मारल्या, इंजिन चालू करायला लावून डोळे मिटून ऐकलं आणि खूश झाला. पेटी काढून टाकता येईल, म्हणाला. बारकी चालवायला बसली तेव्हा तिचा पाय क्लचपर्यंत पुरेना. सीट पुढे सरकवायची तर ती गंजून जागीच बसलेली. पाठीमागे बेकरीवाल्याच्या दोन उशा घेतल्यावर क्लच दाबला गेला, पण मग पुढचा रस्ता स्टिअरिंगच्या वरून नव्हे, मधून दिसायला लागला. बेकरीवाला सरळ माणूस होता. तो म्हणाला, ताई, ही गाडी तुम्हाला मोठी होते. परत येताना दादा म्हणाला की सवय होते, आणि प्रश्न एका वर्षाचाच आहे. पुढे बारकीने सांगितलं, की त्या वाक्यावरून तिला कळलं, दादा गाडी स्वतःसाठी बघतोय.

दुसरी पिकअप जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे होती. मोठं आवार, सिमेंटची जमीन, ओळीने धुऊन उभ्या केलेल्या गाड्या. पांढरी शुभ्र पिकअप, नवी सीट कव्हरं, हौद्याला ताजा रंग. व्यापारी जे बोलायचं ते दादाशी बोलत होता. बारकीने पाट्यांबद्दल, म्हणजे मागच्या चाकांवर भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांबद्दल विचारलं, तर त्याने उत्तर दादाकडे बघून दिलं. बेकरीवाल्याकडे दादाचा उजवा खांदा दुखत होता. इथे त्याने डावा चोळला. व्यापाऱ्याने ते मनावर घेतलं नाही. किल्ली दादाच्या हातात ठेवत म्हणाला, तुम्हीच एक चक्कर मारून या, साहेब, एका हाताने चालेल अशी गाडी आहे.

दादाने किल्ली घेतली. चढून बसला आणि गाडी सुरू केली.

बारकी दाराशी उभी होती. ती ओरडली नाही, व्यापाऱ्यालाही काही सांगितलं नाही. गाडीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, दार उघडून शेजारी बसली आणि पट्टा लावला.

"तू उतर," दादा म्हणाला.

"नाही."

"मी गेटपर्यंतच जातोय."

"मग मीही गेटपर्यंतच येते."

गेट उघडं होतं आणि पलीकडे मोठा रस्ता होता. त्यावरून सायकलवाले, बस, शाळेतून परतणारी पोरं जात होती. इंजिन चालू होतं. दादाचा हात गिअरवर होता. बारकी समोर बघत बसली. किती वेळ गेला ते घड्याळ लावून कोणी बघितलं नाही, पण व्यापाऱ्याला वाटलं दोघांचं किमतीवरून काही चाललंय, आणि तो समजुतीने चार पावलं लांब गेला. मग दादाने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

तो उतरला तेव्हा त्याला कुठे बघावं कळेना, म्हणून तो काचांकडे बघायला लागला. तीस वर्षांची सवय. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक खूण छापलेली असते, आणि तिच्यावरून ती काच कोणत्या साली बनली ते कळतं. डाव्या दाराची काच आणि मागची काच गाडीच्याच वयाच्या निघाल्या. पुढची सहा वर्षांनी तरुण होती. उजव्या दाराचीही तेवढीच. दादाने वाकून उजव्या दाराच्या रबराखाली नख घातलं. रबराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते.

त्याने व्यापाऱ्याला हाक मारली आणि विचारलं, गाडी उजव्या बाजूने कशाला धडकली होती? व्यापारी म्हणाला, धडकली कुठे, दगड उडून काच फुटली असेल. दादा म्हणाला, पुढची दगडाने फुटली, मान्य. दाराची फोडायला तो दगड परत आला का? व्यापारी हसला, पण नंतर तो जे बोलला ते बारकीकडेही बघून बोलला, आणि किंमत आपणहून खाली आणली. दोघं तिथून निघाले.

घराखाली गाडी लावल्यावर दादा म्हणाला, "मला खरंच वाटलं की काही होणार नाही."

"मलाही तसंच वाटत होतं," बारकी म्हणाली. "म्हणूनच मी बसले."

त्याने विचारलं, आणि झालं असतं तर? ती म्हणाली, तर तू एकटा नसतास. मागच्या सीटवरून काच उचलून ती वर गेली. त्या दिवशी रात्री जेवायला तो बसला नाही असं वहिनीने तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि यादीचा कागद तिच्या हातात दिला. दादाने पाठवला होता.

यादीत खाली एक पत्ता होता. झाडांची रोपं विकणाऱ्या एका बाईंची पिकअप, बुटकी, रंग उडालेली, डाव्या दाराला भला मोठा पोचा. दादाने तो पत्ता लिहून नंतर खोडला होता. बारकीने तिथेच फोन केला.

रोपवाल्या बाई साठीच्या, हाताला माती लागलेली. त्यांनी दोष आधी सांगितले. सकाळी गार असताना दुसरा गिअर पडत नाही, त्याला थोडं थांबून विचारावं लागतं. दाराचा पोचा त्यांच्याच फाटकाचा, त्यांच्याच हातचा. मागच्या काचेला फांदी लागून तडा गेलाय. बाकी त्यांनी कुठे काही लपवलेलं दिसलं नाही, आणि लपवायला रंगही नव्हता. दादाने न सांगता एकेका काचेचा कोपरा तपासला. सगळ्या एका वयाच्या होत्या.

बारकी बसली. सीट पुढे सरकली, क्लचला पाय पुरला. हौदा इतका खाली होता की काच चढवायला तिला कोणाची मदत लागली नाही. तिने घोंगडीतली काच उभी बांधली आणि म्हणाली, दगडखाणीच्या रस्त्याने जाऊन येते. दादा पुढे झाला, तर ती म्हणाली, एकटी जाते.

तो फाटकात उभा राहिला. आजवर त्याच्या समोरून गाडी निघून गेली आहे आणि तो मागे राहिला आहे, असं कधी झालं नव्हतं. पहिला गिअर ऐकू आला. दुसरा टाकताना खरखर झाली. तो पुटपुटला, थांब, थांबून टाक. रोपवाल्या बाईंनी त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही. बाईंनी विचारलं, तुम्ही चालवत नाही? तो म्हणाला, खांदा दुखतो. त्या म्हणाल्या, कोणता? त्याला चटकन आठवेना. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. रोपांना पाणी घालायला गेल्या.

दहा मिनिटांची फेरी पंचवीस मिनिटांवर गेली. गाडी परत आली तेव्हा बारकीच्या कपाळावर घाम होता. चढावर गाडी दोनदा बंद पडली होती आणि एकदा वीतभर मागेही सरकली होती. हे तिने आठवड्याने सांगितलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली की मऊ चालते. दादाने घोंगडी सोडली. काच शाबूत होती, फक्त खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"कोपऱ्याला गादी लावली नव्हतीस."

"नव्हती लावली."

"मग गाडीचा दोष नाही," तो म्हणाला, आणि बाईंकडे वळून सौदा पक्का करायला लागला. अर्ध्यात थांबला, आणि पुढचं बारकीला बोलू दिलं.

गाडीच्या मागे काचा उभ्या टेकवायची लाकडी घोडी त्याने दोन दिवसांत ठोकून बसवली. कामं सुरू झाली. पहिले काही आठवडे तो शेजारच्या सीटवर बसून रिकाम्या जागेत ब्रेक दाबायचा आणि प्रत्येक वळणावर श्वास रोखायचा. बारकी एकदा म्हणाली, तुझ्या ब्रेकने गाडी थांबली तर सांग. मग तो खिडकीबाहेर बघायला शिकला. इतकी वर्षं त्याच रस्त्यांवरून जाऊन त्याने कधी वरचे मजले बघितले नव्हते. कुठल्या घराची काच फुटलेली आहे ते तो आता टिपून ठेवायला लागला, आणि त्यातून थोडी कामंही मिळाली.

दहाव्या महिन्यात सकाळी शर्टाची बटणं लावताना त्याला पुन्हा फिट आली. या वेळी वहिनी जवळ होती. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि वर्ष पुन्हा सुरू झालं. त्या आठवड्यात तो दुकानात कापलेल्या काचांच्या कडा घासत बसला, ज्या घासायच्या नव्हत्या त्याही.

पुढच्या सोमवारी एका हॉटेलात भिंतभर आरसा बसवायचा होता. आरसा उतरवून झाल्यावर तिथला मॅनेजर दादाला म्हणाला, बाईंना जरा इथेच थांबू द्या, तुम्ही गाडी मागच्या दाराला लावून घ्या. बारकीने किल्ली खिशातून काढली आणि खांद्याबद्दल सांगायला तोंड उघडलं.

"गाडी ती चालवते," दादा म्हणाला. "मला फिट येतात."

आरशाची जाडी सांगावी तसं त्याने ते सांगितलं. मॅनेजर म्हणाला, बरं. बारकी गाडी लावायला गेली. दादाने भिंतीवरची खूण पुन्हा एकदा मोजली आणि मॅनेजरला आरशाचं एक टोक धरायला सांगितलं.