एल्पिदियाबाईंच्या अंगणातला हौद

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे. धुण्याचा. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात, एल्पिदियाबाईंच्या मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली माझी जागा. माझ्या मधोमध पाणी साठवायचे खोल टाके आहे आणि दोन्ही बाजूंना खाचा पाडलेल्या उतरत्या फरश्या. एकीवर कपडे घासायचे, दुसरीवर भांडी. टाक्यात मात्र हात घालायचा नाही. भोपळ्याच्या कटोऱ्याने पाणी वर घ्यायचे आणि फरशीवर ओतायचे. आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवत नाही. रांगते मूल टाक्याकडे झेपावले की आई हातावर चापट मारते, तेवढेच शिक्षण.

मला एल्पिदियाबाईंचे यजमान, डॉन फिदेन्सियो, यांनी लग्नाच्या आधी बांधले. डॉन म्हणजे तुमच्याकडचे 'राव'. ते मासेमारी करत. सिमेंट ओले असतानाच त्यांनी होडीचा दोर दाबून माझ्या खाचा पाडल्या. नवी नवरी आली, तिने माझ्यातले पाणी ओंजळीत न घेता कटोऱ्यात घेतले आणि घोट घेऊन म्हणाली, "गोड आहे हो!" ती स्तुती मी अजून विसरलेलो नाही. बाळांची दुपटी, मासळीच्या वासाचे सदरे, ईस्टरचे पांढरे झगे, सगळे माझ्या अंगावर घासले गेले. मळ गटारात जाई. टाके नितळ राही.

मग मुले शहरात गेली, डॉन फिदेन्सियो यांचे पाय लुळे पडले आणि पुढचे घर पाहुण्यांना भाड्याने दिले गेले. म्हातारा-म्हातारी मागच्या खोलीत आली.

यंदा हिवाळाभरासाठी कॅनडाहून डॅरेल आणि मार्लिस हे जोडपे आले. माणसे वाईट नाहीत. सकाळी लाटांवर फळीवरून घसरायचे, दुपारी डोंगरात सायकल, संध्याकाळी गच्चीवर योगासने. शरीराची एवढी सेवा मी कोणाची पाहिली नाही. पण त्या शरीराचे जे काही उतरते ते सगळे माझ्यात! ऊन लागू नये म्हणून मलम चोपडलेले हात थेट टाक्यात. पाण्यावर तेलाचा तवंग. सायकलच्या चिखलाचे बूट टाक्यात. डॅरेलचा पोहण्याचा रबरी पोशाख टाक्यात; आणि त्या पोशाखात थंडी वाजली की तो समुद्रातच आतल्या आत कसा मोकळा होतो, हे तो मित्राला हसत सांगत होता. मी ऐकले. मला कान नाहीत म्हणून कोणी लाजत नाही. दात घासून थुंकणे झाले, रस्त्यावरच्या खरुजल्या कुत्र्याची अंघोळ झाली. माझ्या कडेला केस चिकटले, तळाशी वाळूचा आणि नखांचा गाळ बसला. सिमेंटला मळमळत नाही असे तुम्हाला वाटते ना? वाटू द्या.

एल्पिदियाबाई रोज पहाटे जपमाळ संपवून मला उपसत, घासत, पुन्हा भरत. एकदाच हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, आत हात घालू नये गं. कटोरा आहे."

"हो हो, सेन्योरा! किती छान कटोरा!" मार्लिस म्हणाली आणि त्यात तिने काकडीच्या साली ठेवल्या.

फेब्रुवारीत आमच्याकडे कांदेलारियाचा सण असतो. आदल्या दिवशी चर्चमधल्या मातेच्या मूर्तीचा लांब शेला एका घरी धुतला जातो, आणि ज्या घरी शेला धुतला त्या घराच्या दाराशी मिरवणुकीत माता थांबते. पाळी आली तरच हा मान मिळतो. यंदा तो एल्पिदियाबाईंना मिळाला होता. त्यांनी नवऱ्याला सांगितले, "तुम्हाला जाता येत नाही ना? तीच येतेय."

डॉन फिदेन्सियो यांनी दाढी करून घेतली.

सणाच्या आदल्या सकाळी शेजारच्या बायका शेला घेऊन आल्या. पुढे नाचाबाई, एल्पिदियाबाईंच्या लेकीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. तिने माझ्यात डोकावले आणि पदराने नाक धरावे तशी शाल नाकाला लावली. "अगं बाई! हे काय?"

डॅरेलने भल्या सकाळी पकडलेला मासा माझ्यात साफ केला होता. आतडी तरंगत होती, पाणी लाल, खवले कडेला. नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येणार. छतावरची टाकी पाहुण्यांच्या अंघोळींनी कोरडी. शेला उन्हात वाळून संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये पोचायला हवा होता.

मार्लिसला कळले तेव्हा ती खरेच रडली. धावत जाऊन तिने दुकानातून पिण्याच्या पाण्याचे मोठाले बुधले आणवले. स्वतः गुडघे टेकून, ब्रशने मला घासले. पहिल्यांदाच तिचे हात मलमाचे नव्हते. मी भरलो. तळ दिसू लागला. एल्पिदियाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि शेल्याची घडी उलगडली.

तेवढ्यात फाटक वाजले. डॅरेल लाटांवरून आला होता. "काय गर्दी! सण का?" असे म्हणत, रोजच्या सवयीने, त्याने ओला पोशाख सोलून काढला आणि पचकन माझ्यात बुडवला. वर दोन्ही पायही घातले.

"डॅरेल!" मार्लिस किंचाळली.

"काय झालं? हे पायांसाठीच आहे ना?"

ऊन माथ्यावर आले होते, दुकानातले बुधलेही संपले होते. मग नाचाबाई एल्पिदियाबाईंना म्हणाली, टोमणा न मारता, "चल गं. माझी विहीर आहे. तुझ्याच हातानं धू."

शेला तिथे धुतला, म्हणून दुसऱ्या दिवशी माता टेकडीवर, नाचाबाईच्या दाराशी थांबणार होती. वर जायला नुसत्या पायऱ्या. डॅरेल म्हणाला, "मी उचलून नेतो ना यांना!"

डॉन फिदेन्सियो म्हणाले, "मातेपुढं मी पोत्यासारखा जाणार नाही. ती येणार होती."

ते माझ्याजवळ खुर्चीत बसून राहिले. दाढी केलेले, इस्त्रीच्या सदऱ्यात. वरून बँड वाजला, फटाके उडाले. ऊन उतरल्यावर मार्लिस आली आणि तिने फोन त्यांच्यासमोर धरला. "पाहा, मातेचा किती सुंदर फोटो आलाय!"

त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. "छान आहे, पोरी," ते म्हणाले. मग डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

मित्रांनो, आतडी, मलम, थुंकी यांची किळस धुऊन जाते, त्या "छान आहे"ची वेदना मात्र जात नाही. तुम्ही कोणाच्या घरी जाल, तेव्हा फार काही करू नका. मायाही नंतर करा. पाण्यापाशी थांबा, आणि घरच्या बाईला विचारा, "यात हात घालू का?" ती नाही म्हणाली, तर तिचे ऐका.